तिचा भूतकाळ हेराचा होता: प्रेम, ध्येयवाद आणि हेरगिरी यांवर कादंबरी लिहिताना

सप्टेंबर १९९९ मध्ये लंडनच्या आग्नेय टोकाला, बेक्स्लीहीथ नावाच्या शांत उपनगरात, ८७ वर्षांच्या एका विधवेच्या दारात पत्रकारांची झुंबड उडाली. तिचं नाव मेलिटा नॉरवूड. शेजारीपाजारी तिला बागेत रमणारी, डाव्या विचारांची एक म्हातारी म्हणून ओळखत. धातूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत सेक्रेटरी म्हणून काम करताना तिने अनेक वर्षं सोव्हिएत हेरखात्याला कागद पुरवले होते, त्यात ब्रिटनच्या अणुबॉम्ब प्रकल्पाशी संबंधित कागदही होते, हे त्या दिवशी जगाला कळलं. तिने बागेत उभं राहून निवेदन केलं. आपण हे पैशासाठी केलं नाही, सामान्य माणसाला परवडणारं अन्न, शिक्षण आणि आरोग्यसेवा देणारी एक नवी व्यवस्था हरू नये म्हणून केलं, असा त्याचा आशय होता.

यात कादंबरीचं बीज आहे हे कुणालाही दिसतं. पण अशा कथेचे बहुतेक खर्डे एकाच जागी कोसळतात. मुलगी प्रेमात पडते, प्रियकर तिला वापरून घेतो, बिचारीच्या हातून देशाची गुपितं निसटतात. असं लिहिलं की नायिका निर्दोष ठरते, आणि निर्दोष ठरता ठरता खुजीही होते. तिने जे केलं ते विचार करून, स्वतःच्या डोक्याने केलं, असं गृहीत धरूनच लिहायला बसा. प्रेम हवंच, पण तिची सबब म्हणून नको. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका आग्रहातून आल्या आहेत. नायिका ब्रिटिश आहे आणि तिचं तारुण्य १९३० आणि १९४० च्या दशकांत गेलं, असं इथे धरलं आहे.

पायरी १: आधी जन्मसाल पक्कं करा

हे कोरडं काम वाटेल, पण निम्मं कथानक यातूनच निघतं. नायिकेचा जन्म १९१८ चा धरा. १९३६ मध्ये ती १८ वर्षांची, कॉलेजात नुकती आलेली. ऑगस्ट १९३९ मध्ये, स्टालिन आणि हिटलर यांचा करार होतो तेव्हा, २१ वर्षांची. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर चालून जातो तेव्हा २३, हिरोशिमाच्या वेळी २७, हंगेरीत रशियन रणगाडे शिरतात त्या १९५६ साली ३८ आणि १९९९ मध्ये ८१.

आता जन्मसाल १९१२ करून पाहा. १९३६ मध्ये तीच बाई २४ वर्षांची, पगार मिळवणारी, कदाचित लग्न झालेली. पहिलीचा ध्येयवाद वसतिगृहातल्या रात्रभराच्या चर्चांमधून येईल, दुसरीचा ऑफिसातून, युनियनमधून, भाड्याच्या घरातून. पहिली बोलण्याने भारावेल, दुसरीला तिने पाहिलेल्या गोष्टी स्वस्थ बसू देणार नाहीत. मला स्वतःला दुसरी लिहायला अवघड आणि म्हणून जास्त चांगली वाटते.

गुपित कधी आणि कसं फुटतं, तेही याच पायरीवर ठरवा. खऱ्या इतिहासाने तीन वाटा दिल्या आहेत. केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याच्या, दप्तरखान्यात काम करणाऱ्या वासिली मित्रोखिनने वर्षानुवर्षं कागदपत्रं हाताने उतरवून घेतली आणि १९९२ मध्ये तो ती ब्रिटनला घेऊन आला. नॉरवूड त्यातून उघडी पडली. दुसरी वाट ‘व्हेनोना’ या गुप्त अमेरिकन प्रकल्पाची. युद्धकाळात सोव्हिएत हेरखात्याने सांकेतिक भाषेत पाठवलेल्या तारा (टेलिग्राम) अमेरिकन सांकेतिक तज्ज्ञांनी उलगडल्या, पण ते काम १९९५ पर्यंत अधिकृतपणे जाहीर केलेलं नव्हतं. तिसरी वाट लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची. ब्रिटनच्या अंतर्गत हेरखात्याच्या, म्हणजे एमआय फाइव्हच्या, जुन्या फायली तिथे टप्प्याटप्प्याने खुल्या होत गेल्या.

या वाटा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. फितूर माणसाच्या वहीतून नाव आलं तर पोलिस आणि वार्ताहर दारात येतात. उलगडलेल्या तारेतून आलं तर हाती एक टोपणनाव आणि अर्धवट वाक्यं लागतात, मग शंका आणि चुकीचे संशयित यांना जागा मिळते. अभिलेखागारातून आलं तर नातवाला कळतं की आजीची पत्रं सत्तर वर्षांपूर्वीच कुणीतरी उघडून वाचत होतं. तुमची कादंबरी कोणत्या भावनेवर उभी आहे ते ओळखा आणि मगच वाट निवडा.

पायरी २: ध्येयवाद तारखांवर उभा करा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. आज आपल्याला स्टालिनच्या छळछावण्या ठाऊक आहेत, त्यामुळे १९३० च्या दशकातली कम्युनिस्ट मुलगी वाचकाला सहज भाबडी वाटते. ती भाबडी नव्हती हे पटवायचं असेल तर तिच्या डोळ्यांसमोर काय घडत होतं ते दाखवावं लागेल. तिला भाषणं देऊ नका.

फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नात सरकारने कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या. त्या वेळी तिथे असलेल्या किम फिल्बी नावाच्या, पुढे सोव्हिएत हेर झालेल्या, केंब्रिजच्या तरुणाने लिट्झी फ्रीडमन या कम्युनिस्ट मुलीशी लग्न केलं आणि तिला ब्रिटनला आणलं. ऑक्टोबर १९३६ मध्ये जॅरो या बेकारीने पोळलेल्या गावातले सुमारे २०० पुरुष पायी लंडनला निघाले. त्याच महिन्याच्या ४ तारखेला लंडनच्या केबल स्ट्रीटवर लोकांनी अडथळे रचून ब्रिटिश फॅसिस्टांचा मोर्चा रोखला. जुलै १९३६ पासून स्पेनमध्ये यादवी पेटली होती, आणि ब्रिटन व फ्रान्स ‘हस्तक्षेप नाही’ म्हणत हात बांधून बसले असताना तिथल्या प्रजासत्ताकाला शस्त्रं देणारा मोठा देश रशियाच होता. नायिकेच्या जागी बसून हे वाचा. फॅसिझमपुढे उभं राहायला दुसरं कुणी तयारच नाही, असं तिला वाटलं तर त्यात वेडेपणा कुठे आहे?

आता दुसरी बाजू, कारण तिनेही ती वर्तमानपत्रात वाचली होती. १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत खटले चालले आणि क्रांतीचे जुने नेते कबुल्या देत गोळीला सामोरे गेले. २३ ऑगस्ट १९३९ ला नाझी जर्मनी आणि रशिया यांच्यात एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रशियाने फिनलंडवर हल्ला केला. या तीन घटना गाळून कादंबरी लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे.

यासाठी एक सराव सांगतो, तो टाळू नका. या प्रत्येक घटनेसाठी दोन परिच्छेद लिहा. पहिल्यात ती मैत्रिणीला काय सांगते ते, दुसऱ्यात रात्री झोप लागत नसताना ती स्वतःला काय सांगते ते. हे परिच्छेद कादंबरीत जाणार नाहीत, पण तिचा आवाज त्यातूनच सापडेल. करार झाला त्या सुमारास अनेकांनी कम्युनिस्ट पक्ष सोडला. ती का थांबली? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर पुढे जाऊ नका.

त्यानंतरचं मोठं वळण २२ जून १९४१ चं. जर्मनीने रशियावर आक्रमण केलं आणि एका दिवसात रशिया ब्रिटनच्या बाजूला आला. तिचं मत तेच राहिलं, भोवतालच्या देशाने कूस बदलली. रशियन सैनिकांसाठी लंडनमध्ये निधी गोळा होऊ लागला. अशा काळात मित्रराष्ट्राला माहिती देणं तिला गुन्हा वाटणारही नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक इथे ब्रिटन आणि अमेरिका यांनी अणुसंशोधन एकत्र करायचं आणि परस्परांच्या संमतीशिवाय तिसऱ्या कुणाला त्याची माहिती द्यायची नाही, असा करार केला. तो गुप्त असल्यामुळे तुमच्या नायिकेच्या तोंडी त्याची कलमं घालू नका. पण आपण टाइप करतो त्या कागदांच्या प्रती अमेरिकेला जातात आणि रशियाला जात नाहीत, एवढं तिला नक्की दिसेल.

तिच्याकडे काळाच्या ओघात तीन वेगवेगळी समर्थनं जमा होतात, हे नीट लक्षात घ्या. १९३० च्या दशकात ‘ही नवी व्यवस्था जगली पाहिजे’. १९४१ नंतर ‘मित्राला मदत केली पाहिजे’. हिरोशिमानंतर ‘असा बॉम्ब एकाच देशाच्या हाती राहिला तर तो पुन्हा टाकला जाईल’. म्हातारपणी कुणी जाब विचारला की यातलं जे सर्वांत उजळ दिसतं ते पुढे करायचा मोह तिला होणार, आणि बहुधा ते तिसरं असणार. तिने पहिला कागद १९३८ मध्येच दिला असेल, तर हे समर्थन तेव्हा जन्मलेलंच नव्हतं. आजचं कारण आणि तेव्हाचं कारण यांच्यातली ही फट तिच्या लक्षात येते तो प्रसंग माझ्या मते अशा कादंबरीचा खरा उत्कर्षबिंदू. अटक, पाठलाग, गौप्यस्फोट हे त्याच्या मागून येतात.

पायरी ३: प्रेम लिहा, पण मागणी आणि होकार वेगळे ठेवा

इतिहासातल्या बायका इथे फार उपयोगी पडतात, कारण त्या साच्यात बसत नाहीत. बर्लिनची उर्सुला कुचिन्स्की शांघायमध्ये रिचर्ड झोर्गे या सोव्हिएत हेराच्या प्रेमात पडली आणि त्याच्याबरोबर हेरगिरीत आली, पण त्याआधीच ती पक्षाची सभासद होती. झोर्गे तिच्या आयुष्यातून गेला, काम राहिलं. पुढे मांचुरियात बरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्यापासून तिला मुलगी झाली. १९४० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिने लेन बर्टन या ब्रिटिश सहकाऱ्याशी पासपोर्टसाठी लग्न केलं, आणि ते कागदी लग्न आयुष्यभराचा संसार झालं.

नॉरवूडची गोष्ट उलटी. तिचा नवरा तिच्याच विचारांचा होता, तरी तिचं हे काम त्याला पसंत नव्हतं. तिने ते केलंच. एडिथ ट्यूडर-हार्ट ही व्हिएन्नाहून आलेली छायाचित्रकार. १९३४ मध्ये फिल्बीला सोव्हिएत हेर अर्नोल्ड डॉइचपर्यंत तिने पोचवलं. इथे पुरुषाला या कामात ओढणारी बाई आहे. आणि किटी हॅरिस ही रशियासाठी हेरगिरी करणाऱ्या डोनल्ड मॅक्लीन या ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याचे कागद पुढे पोचवणारी होती, तिचं आणि त्याचं प्रेम त्या कामातूनच उमललं.

या चौघींपैकी कुणाचीही गोष्ट ‘त्याने तिला फसवलं’ एवढ्यात मावत नाही. म्हणून प्रत्यक्ष लिहिताना असं करा. प्रियकर तिच्याकडे कागद मागतो तो प्रसंग पूर्ण लिहा आणि त्यात तिला नकार देऊ द्या, खराखुरा, कारणांसह. मग मधे काळ जाऊ द्या. तो दूर गेलेला असतो, कदाचित दुसऱ्या कुणाबरोबर असतो, आणि अशा वेळी ती स्वतःहून ठरवते. त्याचा आवाज तिच्या कानात असेल, पण तो खोलीत नको. ही एक रचना केली की प्रेम आणि ध्येय यांची गाठ वाचकाला सोडवता येत नाही, आणि ती सुटू नये हेच आपल्याला हवं आहे.

प्रियकरालाही न्याय द्या. तो तिच्यावर खरंच प्रेम करतो आणि तिला वापरतोही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तो निव्वळ खलनायक झाला की तिची निवड पुन्हा स्वस्त होते.

आणि ज्याला काहीच माहीत नाही असा माणूसही हवा. नवरा, बहीण, मूल, कुणीही. दुहेरी आयुष्याची खरी झळ त्याच्या वाट्याला येते. वाढदिवसाला उशिरा येणं, एखादी बंद खोली, विनाकारण वाटणारी चिडचिड, अशा बारीक खुणा आधीपासून पेरत जा.

पायरी ४: तिच्या हाताला नेमकं काय लागतं

हेराची पोच कुठपर्यंत आहे, यावर हेरकथा उभी राहते. शास्त्रज्ञ मुलगी थेट प्रयोगशाळेत प्रमुखपदी बसवलीत तर काळाशी विसंगत होईल. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं, तोवर त्या शिकत, परीक्षा देत, पण पूर्ण पदवी त्यांची नसे. ब्रिटनच्या नागरी सेवेत लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची हा नियम १९४६ पर्यंत होता. त्यामुळे पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी साहेबाची सेक्रेटरी म्हणून टाइपरायटरपुढे बसलेली असणं अगदी शक्य आहे, आणि कादंबरीच्या दृष्टीने ती जागा सोन्यासारखी आहे. तिच्यासमोर पुरुष मोकळेपणी बोलतात. तिला कळत नाही असं ते धरून चालतात.

म्हणून तिचं ऑफिस तपशिलाने रचा. शॉर्टहँडची वही, कार्बन पेपर, जादा निघालेली प्रत, आवक-जावक नोंदवही, तिजोरीची किल्ली कुणाकडे असते, दुपारी खोली किती वेळ रिकामी असते. ब्रिटनच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचं नाव मुद्दाम निरर्थक ठेवलं होतं, ‘ट्यूब अलॉइज’, म्हणजे नळ्यांचे मिश्रधातू. नायिका ते नाव कित्येक महिने नुसतं टाइप करत राहील आणि मग एखाद्या दिवशी एका आकड्यामुळे तिला उमगेल, हा प्रसंग सोडू नका.

तिला विज्ञान कळतं की नाही, हेही ठरवा. कळत नसेल तर ती कागद देते. कळत असेल तर ती बॉम्ब देते. हिरोशिमाची बातमी रेडिओवर ऐकताना या दोन बायका एकसारख्या बसलेल्या नसतील.

पायरी ५: हेरगिरीची साधनं थोडक्यात

इथे फार रमू नका. लॅटव्हियातल्या रीगामध्ये १९३८ पासून बनू लागलेला मिनॉक्स हा चिमुकला कॅमेरा तुम्हाला खुणावेल. एकदा दाखवा आणि पुढे चला. कागद संध्याकाळी नेणं, रात्री त्याचे फोटो काढणं आणि सकाळी साहेब यायच्या आत तो जागेवर ठेवणं, एवढ्यात पुरेसा ताण आहे.

एक तपशील मात्र वापरण्याजोगा आहे. रशियाला गुपितं देणारा अणुशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स आणि ती गुपितं पुढे पोचवणारी उर्सुला १९४२-४३ मध्ये बॅन्बरी गावाजवळ भेटत आणि संशय येऊ नये म्हणून प्रेमी जोडप्यासारखे शेतांमधून फिरत. तुमच्या नायिकेला असं नाटक करावं लागलं, आणि तिचं प्रेम खरोखरच कुणा तिसऱ्यावर असलं, तर एका भेटीत तिन्ही सूत्रं एकत्र येतात.

पायरी ६: दोन काळ, एक निवेदन

म्हातारपण आणि तारुण्य असे दोन काळ आलटून पालटून येणार, हे जवळपास ठरलेलं आहे. अडचण अशी की म्हातारीला सगळं माहीत असतं. ‘मी’ म्हणून तीच सांगत असेल आणि महत्त्वाची गोष्ट शेवटापर्यंत लपवत असेल, तर वाचकाला ती लेखकाची लबाडी वाटते. माझा कल असा: तरुणपणाचा भाग तृतीयपुरुषी, पण तिच्या खांद्यालगत राहून लिहावा. वर्तमानाचा भाग तिच्या मुलाच्या किंवा वकिलाच्या नजरेतून यावा, कारण त्यांना खरोखरच काही माहीत नसतं.

मराठीत लिहिताना कोण कुणाला ‘तू’ म्हणतं, कोण ‘तुम्ही’, याचा तक्ता आधीच करा. साहेब आणि सेक्रेटरी, प्रियकर आणि ती, अधिकारी आणि म्हातारी. यातला एखादा बदल नेमक्या प्रसंगी घडवला की पानभर वर्णन टळतं.

पायरी ७: चौकशीची खोली

डोळ्यांवर दिवा आणि टेबलावर मूठ, हे विसरून जा. एमआय फाइव्हच्या विल्यम स्कार्डनने फुक्सकडून जानेवारी १९५० मध्ये कबुली मिळवली ती अनेक भेटींमधल्या शांत, सौजन्याच्या बोलण्यातून. हाच स्कार्डन १९४७ मध्ये उर्सुलाच्या घरी गेला होता. तिने सहकार्य करायला नकार दिला आणि त्याला रिकाम्या हाताने परतावं लागलं. फुक्सला अटक झाल्यावर, त्याचा खटला सुरू व्हायच्या सुमारास, ती पूर्व जर्मनीत निघून गेली. दोन माणसं, एकच चौकशी अधिकारी, दोन टोकांचे निकाल. बोलण्याची ओढ कुणाला जास्त होती, हे ताडून पाहा. त्यात तुमच्या प्रसंगाची किल्ली सापडेल.

लिहिण्याआधी अधिकाऱ्याची फाइल तयार करा, दोन पानांची. त्याला काय माहीत आहे, काय नुसतं वाटतं, कोणत्या पुराव्यावर कोर्टात उभं राहता येणार नाही. त्याचे प्रश्न या फाइलमधूनच येऊ द्या.

कायदाही नीट घ्या. शत्रूला मदत केली तर देशद्रोह. युद्धकाळात रशिया मित्र असल्यामुळे फुक्सवर खटला चालला तो सरकारी गुपितांच्या कायद्याखाली, आणि त्याला कमाल म्हणजे १४ वर्षांची शिक्षा झाली. नॉरवूडवर तर खटलाच भरला गेला नाही. तेव्हा तुमच्या म्हातारीच्या मानेवर फाशीचा दोर लटकवू नका. तिच्यापुढे धोका आहे तो मुलाच्या नजरेतून उतरण्याचा, आणि तो पुरेसा आहे.

पायरी ८: किंमत कुणी मोजली

नायिकेवर तुमचा जीव जडला असेल, तर ही पायरी नकोशी वाटेल. तरीही करा. लंडनमध्ये ध्येयवादी तरुणांना हाताळणारा सोव्हिएत हेर थिओडोर माली हा पूर्वाश्रमीचा धर्मगुरू. त्याला मॉस्कोने परत बोलावलं आणि १९३८ मध्ये त्याच्याच खात्याने गोळी घातली. ज्याने तिला घडवलं त्याला तिच्या स्वप्नातल्या देशाने मारलं, ही बातमी नायिकेपर्यंत कधी पोचते? पोचल्यावर ती काम थांबवते का?

अमेरिकेत रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपाखाली एथेल रोझेनबर्गला १९ जून १९५३ ला नवऱ्यासोबत विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं. तिने गुप्त टिपणं टाइप केली, अशी साक्ष तिच्या सख्ख्या भावाने दिली होती, आणि ती खोटी होती हे त्याने पुढे अनेक वर्षांनी मान्य केलं. लंडनमधली तुमची टायपिस्ट दुसऱ्या सकाळचं वर्तमानपत्र उघडते तेव्हा तिच्या मनात काय येतं, त्याला निदान एक प्रकरण द्या.

शेवटी, तिला पश्चात्ताप होतो का? हा निर्णय पहिल्या खर्ड्यात घेऊ नका. नॉरवूडने शेवटपर्यंत खंत व्यक्त केली नाही, म्हणून तुमच्या नायिकेनेही करू नये असं नाही. पण वाचकाला बरं वाटावं म्हणून तिच्याकडून माफी वदवून घेऊ नका. पहिला खर्डा झाला की तो दोन माणसांना द्या, एक तिच्या राजकारणाशी सहमत होणारा आणि एक त्याचा तिटकारा असणारा. दोघांना एवढंच विचारा, की कोणत्या पानावर तुम्हाला तिची बाजू पटली आणि कोणत्या पानावर तिचा राग आला. एखाद्याकडे दोन्हीपैकी एकच पान असेल, तर दुसऱ्या पायरीवर परत जा आणि करार झाला तो ऑगस्ट १९३९ चा आठवडा पुन्हा लिहा.